'आय डाउट': एका क्रियापदाने खाल्लेला आठवडा

पार्श्वभूमी

गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारी एक संगणक प्रणाली होती. तिची देखभाल दोन टीम मिळून करत: सहा जण भारतात, पाच जण ब्रिटनमध्ये. भारतातली टीम झाडून सगळी मराठी बोलणारी. मी दोन्हींच्या मधली समन्वयक. कोणाचं काम कुठे अडलंय आणि कोण कोणाच्या उत्तराची वाट बघतंय, हे बघणं माझ्याकडे.

दोन्हीकडच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे बोलणं कमी आणि लिहिणं जास्त. प्रत्येक अडचणीचं एक तिकीट उघडायचं आणि त्याखाली दोन्हीकडच्यांनी लिहीत जायचं, अशी पद्धत. समोरच्याचा आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. जे काही आहे ते त्या दोन-तीन ओळींत.

या प्रकरणात चौघे जण महत्त्वाचे आहेत. आमच्याकडची नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर, आमचा लीड म्हणजे टीमप्रमुख, पलीकडचा आर्किटेक्ट म्हणजे प्रणालीचे आराखडे करणारा, आणि पलीकडचीच एक टेस्टर, म्हणजे प्रणाली तपासून बघणारी. टेस्टर मूळची स्कॉटलंडची. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वाक्यं मात्र होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळा घोळ वाक्यांतच आहे.

पहिली ठिणगी

फेब्रुवारीत आर्किटेक्टने एका नव्या भागाचा आराखडा पाठवला. आमच्या इंजिनिअरने तो मन लावून वाचला आणि खाली लिहिलं, "आय हॅव सम डाउट्स अबाउट युवर डिझाइन." त्याखाली सात प्रश्न. प्रश्न उत्तम होते. हा तक्ता दोनदा का वाचला जातो, ही पायरी आधी आली तर चालेल का, असे. समजून घेणाऱ्या माणसाचे.

दोन दिवस उत्तर आलं नाही. आलं ते आर्किटेक्टकडून मला, वेगळं. तिचा माझ्या कामावर विश्वास नसेल तर आपण बसून बोलू, पण सगळ्यांसमोर असं लिहिण्याआधी मला एकदा विचारायला हवं होतं, असा त्याचा सूर होता.

मी ते वाचून चक्रावले. पुन्हा तिची ओळ वाचली तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे शाळेत धडा संपला की शिक्षक विचारतात, "एनी डाउट्स?" परीक्षेच्या आधी डाउट क्लिअर करायचे वेगळे तास असतात. हा डाउट म्हणजे मला न कळलेली गोष्ट. उणीव असलीच तर ती विचारणाऱ्याची. सांगणाऱ्याच्या विद्वत्तेला धक्का लागत नाही. ब्रिटनमधल्या वाचकाला मात्र "डाउट्स अबाउट युवर डिझाइन" यातलं बोट स्वतःकडे वळलेलं दिसतं. हे मला पटलेलं नाही, हे टिकेलसं वाटत नाही, असा त्याचा अर्थ. "आय हॅव माय डाउट्स" म्हटलं तर ती सभ्य शब्दांतली ठाम नापसंतीच असते.

हा घोळ काही एकट्या भारतीयांचा नाही. स्पॅनिशमध्ये 'दुदा' आणि पोर्तुगीजमध्ये 'दूव्हिदा' हे शब्द 'मला एक विचारायचंय' या अर्थाने सर्रास वापरले जातात, आणि ती माणसं इंग्रजी लिहायला लागली की तिथेही "आय हॅव अ डाउट" अवतरतं. म्हणजे आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे होतं, असं समजायचं कारण नाही. आपल्या शब्दाची व्याप्ती मोठी आहे आणि ती आपण इंग्रजी शब्दावर चढवतो, एवढंच.

आधी केलेला उपाय

आर्किटेक्टला मी फोन केला, शाळेतल्या "एनी डाउट्स?"ची गोष्ट सांगितली. तो हसला, विषय मिटला. मग आमच्या टीमला काय सांगायचं हा प्रश्न उरला. अर्धा तास बसून शब्दाचे सगळे वापर समजावता आले असते. नाहीतर काहीच न सांगता पुढे जाता आलं असतं. मी मधला, म्हणजे सगळ्यात सोपा मार्ग घेतला. टीमच्या सूचनांमध्ये एक ओळ टाकली: 'आय हॅव अ डाउट' असं लिहू नका, 'आय हॅव अ क्वेश्चन' असं लिहा.

लीडने विचारलं होतं, "ताई, एवढ्याने भागेल ना?"

मी म्हटलं, "भागेल रे, एक शब्द तर आहे."

हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि तो चुकीचा होता. सूचना चुकीची नव्हती, अपुरी होती. मी हे सगळं शिष्टाचाराच्या खात्यात टाकलं. कोणी दुखावलं गेलं, तेवढं टाळा, झालं. त्या शब्दाने अर्थच उलटा होऊ शकतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

खरी अडचण

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, साठ्याचे आकडे जुळेनात. गोदामात नोंदलेल्या काही हालचाली मुख्य हिशेबात आल्याच नव्हत्या. मंगळवारी पुन्हा तेच. फार नाही, रात्रीच्या दहा-बारा नोंदी. पण हिशेबात एक नोंद गळली तरी ती गळतीच.

आमच्या इंजिनिअरने मंगळवारी सकाळपासून लॉग, म्हणजे प्रणालीने आपोआप ठेवलेल्या कामाच्या नोंदी, चाळले. गळलेल्या सगळ्या नोंदी एकाच अर्ध्या तासातल्या आहेत हे तिच्या लक्षात आलं. तिने ताडलं ते असं. नोंदींवर वेळेचा शिक्का यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचा बसतो. रात्री साडेबाराला एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारं काम, चालतो आणि 'काल'च्या तारखेच्या सगळ्या नोंदी उचलतो. हिवाळ्यात ब्रिटनची वेळ आणि यूटीसी एकच असते, त्यामुळे साडेबाराला कालचा दिवस खरोखर संपलेला असतो. पण सर्व्हर स्थानिक वेळेवर चालत असेल, तर घड्याळ पुढे गेल्यावर तिथे साडेबारा वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये रात्रीचे साडेअकराच झालेले असतात. 'काल' संपायला अजून अर्धा तास बाकी. त्या अर्ध्या तासात होणाऱ्या नोंदी जॉब गेल्यावर येणार, आणि पुढच्या रात्री जॉब पुढची तारीख शोधणार. म्हणजे त्या कोणाच्याच हाती लागणार नाहीत.

निदान शंभर टक्के बरोबर होतं. खात्री करायला सर्व्हरवर जाऊन वेळ बघायची होती, आणि सर्व्हरचा ताबा फक्त ब्रिटनच्या टीमकडे होता. तिने तिकिटावर अर्ध्या तासाची गोष्ट आकड्यांसह मांडली आणि शेवटी निष्कर्ष लिहिला:

"आय डाउट द सर्व्हर इज युझिंग लोकल टाइम."

तिला म्हणायचं होतं, सर्व्हर स्थानिक वेळेवर चालतोय अशी मला शंका आहे. तिने जे लिहिलं त्याचा इंग्रजीतला अर्थ होतो, सर्व्हर स्थानिक वेळेवर चालत असेल असं मला वाटत नाही.

आर्किटेक्टने त्या ओळीला अंगठा दिला. त्याने संभाव्य कारणांची एक यादी वेगळ्या तक्त्यात ठेवली होती, तिच्यात 'वेळेचा पट्टा' म्हणजे टाइम झोन या कारणावर काट मारली आणि तो नेटवर्कच्या मागे लागला. इकडे हिने तो अंगठा बघितला आणि समजली की पटलंय, आता ते लोक सर्व्हर तपासतील. ती थांबली. नव्या माणसाने वरिष्ठांना 'बघितलंत का' म्हणून टोचायचं नसतं, हा आपल्याकडचा संस्कार. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारही गेला.

त्या ओळीतली सगळ्यात बोचरी गोष्ट मला नंतर कळली. मी तिला विचारलं, "अगं, डाउट लिहायचं नाही असं ठरलं होतं ना?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही 'हॅव अ डाउट' नको म्हणाला होतात. म्हणून मी नुसतं 'डाउट' लिहिलं." माझी सूचना तिने तंतोतंत पाळली होती. नाम टाळायला म्हणून ती क्रियापदावर गेली होती, आणि खरा धोका क्रियापदात होता.

सोमवारचा कॉल

पुढच्या सोमवारी सगळे कॉलवर बसलो. आर्किटेक्टने कारणांची यादी पडद्यावर उघडली आणि एकेक सांगायला लागला. दुसऱ्या ओळीवर काट होती. "वेळेचा पट्टा आपण गेल्या आठवड्यातच बाद केला, तुमच्या इंजिनिअरलाही ते कारण वाटत नव्हतं," असं म्हणून तो तिसऱ्या ओळीवर जाणार, तेवढ्यात टेस्टर म्हणाली, "थांब. ती तर उलटं म्हणाली होती."

क्षणभर कोणी काही बोललं नाही. आर्किटेक्टने तिकीट उघडून ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "इज इट, ऑर इजन्ट इट?"

आमची इंजिनिअर एवढंच म्हणाली, "इज."

त्याने तिथल्या तिथे सर्व्हरवर 'डेट' ही आज्ञा चालवली. पडद्यावर तारीख आली, वेळ आली आणि त्यांच्या पुढे तीन अक्षरं: बीएसटी. ब्रिटिश समर टाइम. सर्व्हर स्थानिक वेळेवरच होता. दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत.

टेस्टरला कसं कळलं? ती म्हणाली की तिची आजी आभाळ भरून आलं की "आय डूट इट विल रेन" म्हणायची आणि दोरीवरचे कपडे काढायला धावायची. स्कॉटलंडमध्ये 'डाउट'चा हा अर्थ अजून बोलण्यात आहे: पाऊस येईल अशी भीती आहे, येणारच बहुतेक. तिने मंगळवारी ती ओळ आजीच्या कानाने वाचली होती. तिला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

आणि मला? मीही ती ओळ मंगळवारीच वाचली होती. मी मराठी कानाने वाचली, बरोबर अर्थ लावला आणि पुढे गेले. दोघींनी बरोबर वाचलं, म्हणून दोघी गप्प बसलो. ज्याने चुकीचं वाचलं त्याच्या दृष्टीने वाक्य व्याकरणशुद्ध आणि स्पष्ट होतं, म्हणून तोही गप्प. फेब्रुवारीतल्या वाक्याने कोणाचं तरी मन दुखावलं, म्हणून ते लगेच उघडकीला आलं. या वाक्याने कोणालाच काही टोचलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग तो आहे.

असं का होतं

इथे जरा रेंगाळते, कारण मुळाशी मराठीच आहे.

आपल्याकडे 'शंका' या शब्दाचं सगळं काम त्याच्या शेजारचं क्रियापद करतं. शंका विचारली म्हणजे प्रश्न केला. शंका घेतली म्हणजे अविश्वास दाखवला. शंका आली म्हणजे काहीतरी काळंबेरं असल्याचं जाणवलं. शंका काढली म्हणजे फाटे फोडले. मनात शंकेची पाल चुकचुकते ती आणखी वेगळी. लघुशंकेचं तर सोडूनच द्या. एवढा सगळा पसारा आपण 'डाउट' या एका शब्दात कोंबतो, आणि ज्या क्रियापदांनी तो आवरला जायचा ती सगळी मागे राहतात.

त्याहून बारीक गोष्ट पुढची आहे. ही दोन वाक्यं बघा. 'सर्व्हर बरोबर वेळेवर आहे याबद्दल मला शंका आहे.' आणि 'सर्व्हर चुकीच्या वेळेवर आहे अशी मला शंका आहे.' दोन्हींचा रोख एकच, पण पहिल्यात जे खरं वाटत नाही ते 'याबद्दल'च्या आधी येतं, आणि दुसऱ्यात जे खरं वाटतं ते 'अशी'च्या आधी. 'याबद्दल' आणि 'अशी' हे दोन छोटे शब्द दिशा दाखवतात. मराठी माणूस बोलताना ते अचूक वापरतो, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आजच्या प्रमाण इंग्रजीतल्या 'डाउट'मध्ये मात्र फक्त 'याबद्दल'ची सोय आहे. 'अशी'साठी तिथे वेगळं क्रियापद आहे, 'सस्पेक्ट'. आपण 'अशी शंका'चं भाषांतर 'डाउट' केलं की वाक्य सरळ उलटं फिरतं.

गंमत अशी की इंग्रजीतही पूर्वी हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात होते. हा शब्द लॅटिन 'दुबितारे'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याच्या मुळाशी 'दुओ' म्हणजे दोन हा शब्द आहे. आपलं मन द्विधा होतं त्यातला 'द्वि' त्याचाच भाऊबंद. जर्मनमध्येही शंकेला 'त्स्वायफेल' म्हणतात, तिथेही 'त्स्वाय' म्हणजे दोन. मन दोन वाटांच्या नाक्यावर उभं आहे, एवढंच मूळ चित्र. त्यातली कोणती वाट खरी वाटतेय, हे चित्र सांगत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाला भीतीचाही अर्थ होता, आणि त्या भीतीतूनच 'असं असावं असा संशय' हा अर्थ चालत राहिला.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये वडिलांचं भूत दिसल्याचं कळल्यावर हॅम्लेट म्हणतो, "आय डाउट सम फाउल प्ले." म्हणजे यात काहीतरी घातपात असावा असा मला संशय आहे. आमच्या इंजिनिअरचंच वाक्य, फक्त सर्व्हर नाही. त्याच नाटकात त्याने ऑफिलियाला लिहिलेल्या चार ओळींत हे क्रियापद चारदा येतं. ताऱ्यांच्या अग्नीवर विश्वास ठेवू नकोस, सूर्य फिरतो यावर ठेवू नकोस, इथवर आजचा अर्थ. तिसऱ्या ओळीत सत्यच खोटारडं आहे असा संशय घे, म्हणजे जुना. चौथ्या ओळीत पुन्हा आजचा: माझ्या प्रेमावर मात्र अविश्वास नको. एका कडव्यात शब्द दोनदा दिशा बदलतो. पुढे प्रमाण इंग्रजीने जुनी दिशा सोडली, स्कॉटलंडच्या आज्यांनी सोडली नाही.

शब्दातल्या 'बी' या मुक्या अक्षराबद्दल एक आगंतुक माहिती. फ्रेंचमधून आला तेव्हा ते अक्षर त्यात नव्हतं. लॅटिनची आठवण राहावी म्हणून पंडितांनी नंतर घुसवलं. उच्चारात ते कधी आलंच नाही. शेक्सपिअरच्याच दुसऱ्या एका नाटकात एक पंतोजी लोक 'बी' उच्चारत नाहीत म्हणून चरफडतो. आमच्या लीडला ही गोष्ट फार आवडली. प्रकरणाशी तिचा संबंध नाही.

तोललेले पर्याय

कॉलनंतर आम्ही चौघे पुन्हा बसलो. पहिली सूचना लीडची होती: हा शब्दच बंद करून टाकू. दोन्ही टीमना. त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं, पण मला ते नको होतं. एका शब्दावर बंदी घातली की माणूस त्याच्या शेजारचा शब्द उचलतो, हे आम्ही नुकतंच भोगलं होतं. शिवाय ब्रिटनच्या टीमने त्यांच्या भाषेतला धडधाकट शब्द का सोडावा?

दुसरी सूचना आर्किटेक्टची. "मग 'सस्पेक्ट' लिहा की." भाषेच्या दृष्टीने अचूक. पण आमच्याकडच्या कोणालाच ते लिहवेना. लीड म्हणाला, "सस्पेक्ट म्हटलं की पोलीस ठाणं डोळ्यांसमोर येतं. सर्व्हर कोणाच्या तरी ताब्यात असतो. त्याच्यावर आळ घेतल्यासारखं वाटतं." इंग्रजी माणसाच्या कानाला "आय सस्पेक्ट द सर्व्हर इज..." हे अगदी सौम्य वाटतं, 'बहुधा' इतकंच. पण लिहिणाऱ्याच्या हाताला संकोच होत असेल तर तो शब्द घाईच्या वेळी येणार नाही. घाईच्या वेळीच तर त्याची गरज.

तिसरा विचार टेस्टरने मांडला, आणि तो शब्दाबद्दल नव्हताच. ती म्हणाली, मंगळवारच्या ओळीत फक्त मत होतं. 'आता हे बघा' असं काही नव्हतं. "सर्व्हरवर डेट चालवून बघाल का" एवढं जरी खाली असतं, तरी डाउटचा अर्थ काहीही लावला असता तरी कोणीतरी डेट चालवली असती.

आमच्याकडच्या एकाने वेगळाच मुद्दा काढला. दरवेळी बदलायचं आम्हीच का? भारतात लाखो लोक हा शब्द असाच वापरतात, तर तोही इंग्रजीचाच एक वापर नाही का? मला वाटतं, आहे. आपसांत बोलताना "एक डाउट होता" म्हणण्यात काहीच चूक नाही, आणि ते सुधारायला जाणारा माणूस मला आगाऊ वाटेल. पण तिकीट दोन देशांतले लोक वाचतात. तिथे कोणाचा वापर बरोबर यापेक्षा समोरचा काय करायला उठेल हे महत्त्वाचं.

काय केलं

टेस्टरचं म्हणणं उचललं. निदानाच्या प्रत्येक नोंदीत शेवटी दोन ओळी सक्तीच्या केल्या: मला काय आहे असं वाटतं, आणि ते कशाने कळेल. पहिली ओळ 'आय थिंक'ने सुरू करायची. ती साधी वाटते, पण तिला उलट वाचता येत नाही.

शब्दासाठी बंदी नाही, एक कसोटी ठेवली. 'आय डाउट' लिहिलंत की त्या जागी 'आय डोन्ट थिंक' ठेवून वाक्य मनात वाचा. म्हणायचं होतं तेच निघालं तर राहू दे. तिची मंगळवारची ओळ या कसोटीवर लगेच उघडी पडते.

अंगठ्याबद्दलही ठरलं. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'मान्य' नाही आणि 'करतो' तर नाहीच. करणार असाल तर तसं लिहा.

मी जुनी तिकिटं चाळली. 'आय डाउट'चा उलटा वापर आणखी काही ठिकाणी सापडला. बहुतेक ठिकाणी पुढच्या-मागच्या मजकुरावरून अर्थ निभावून गेला होता. एका ठिकाणी "नो डाउट यू हॅव चेक्ड धिस" अशी ओळ होती, ब्रिटनकडून आलेली. आमच्या टीमने ती 'तुम्ही तपासलंय यात शंकाच नाही' अशी घेतली होती. इंग्रजीत "देअर इज नो डाउट" ठाम असतं, पण सुरुवातीला टाकलेलं नुसतं 'नो डाउट' म्हणजे 'तपासलं असेलच म्हणा', आणि सूर थोडा तिरका असला तर 'तपासलंय ना?' त्यांना उत्तर हवं होतं. आम्ही प्रशस्तिपत्र समजून गप्प बसलो होतो.

निष्पत्ती

आठ रात्रींच्या गळलेल्या नोंदी मूळ तक्त्यात शाबूत होत्या, त्या परत मुख्य हिशेबात घेतल्या. नुकसान झालं ते वेळेचं. आर्किटेक्टने नेटवर्कमागे घालवलेले तीन दिवस आणि गोदामातल्या माणसांनी रोज सकाळी हाताने जुळवलेले आकडे.

दुसरं नुकसान मोजता येत नाही. आमची इंजिनिअर त्यानंतर महिनाभर तिकिटावर जवळजवळ काही लिहीना. काही सापडलं की लीडला येऊन सांगायची आणि तो लिहायचा. निदान तिचं, ओळ त्याची. आम्ही तिला कोणी बोललो नव्हतो, उलट कॉलवर आर्किटेक्टने तिचं उघड कौतुक केलं होतं. तरीही दोन महिन्यांत दोनदा एकाच शब्दावर ठेच लागली की हात आखडतोच. दोन ओळींच्या नव्या साच्यामुळे ती हळूहळू परत लिहायला लागली, पण पूर्वीचे ते सात प्रश्नांचे लांब अभिप्राय परत आले नाहीत. त्याची मला अजून रुखरुख आहे.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारीत सूचना लिहायच्या आधी मी तिला एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: तू हा शब्द आणखी कुठे कुठे वापरतेस? पाच मिनिटांत क्रियापद बाहेर आलं असतं. मी सूचना दिली ती दुखावलेल्या माणसाकडे बघून, लिहिणाऱ्या माणसाकडे बघून नाही.

मंगळवारी आर्किटेक्टला थांबायला जागा होती. वर अर्ध्या तासाचे आकडे घड्याळाच्या बदलाकडे बोट दाखवत होते आणि खालची ओळ त्याच्या उलट. पुरावा एकीकडे आणि निष्कर्ष दुसरीकडे असेल तर लिहिणाऱ्याला विचारावं. त्याने नंतर स्वतःच कबूल केलं की विसंगती त्याला जाणवली होती. पण निष्कर्ष सोयीचा होता.

बुधवारी तिने विचारायला हवं होतं, असं लीडचं मत. मला ते अर्धंच पटतं. नव्या माणसाने टोचावं अशी अपेक्षा ठेवायची तर टोचलेलं चालेल हे आधी कोणीतरी सांगावं लागतं. आम्ही सांगितलं नव्हतं.

जूनमधली एक नोंद सांगून थांबते. आर्किटेक्टला आता "एनी डाउट्स?"ची गोष्ट इतकी आवडायला लागली होती की आमच्या एका आराखड्याखाली त्याने लिहिलं, "आय हॅव अ डाउट." पुढे प्रश्न नाही, कारण नाही, काही नाही. आमच्याकडे सगळे बुचकळ्यात. हा आपल्या पद्धतीने विचारतोय की त्याच्या पद्धतीने नापसंती दाखवतोय? लीड मला म्हणाला, "ताई, विचारा तुम्हीच." मी खाली लिहिलं, "युवर डाउट ऑर अवर डाउट?"

दोन तासांनी उत्तर आलं. "युवर्स. पण आता परत वाचलं, तर थोडा माझाही आहे."